किती टाकू?

"आज्जी, उत्पन्न किती टाकू?" असं विचारून तो पोरगा कीबोर्डवर बोटं धरून थांबला. जूनचा दुसरा आठवडा होता. महा ई-सेवा केंद्राच्या त्या दहा बाय बाराच्या गाळ्यात ओल्या छत्र्यांचा, झेरॉक्सच्या गरम कागदाचा आणि माणसांच्या घामाचा मिळून एक वास कोंडला होता. निकाल लागून गेलेले, त्यामुळे जातीचे, डोमिसाइलचे, नॉन-क्रिमिलेअरचे अर्ज घेऊन आयाबाया दारापर्यंत उभ्या. आम्ही आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेलो, आमचा नंबर सव्वा तासानं लागला होता. मी मावशींच्या शेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर, मांडीवर कागदांची पिशवी. मावशींनी प्रश्न नीट ऐकून घेतला, पदर सावरला आणि पाढा म्हणावा तसं सांगून टाकलं, "साडेचार हजार. वैनींचं आठराशे, डाक्टरांचं पंधराशे आन् ब्यांकेतल्या सायबांचं बाराशे." पोरानं मनातल्या मनात बारानं गुणलं. "वर्षाचे चोपन्न हजार होतात, आज्जी. श्रावणबाळच्या पेन्शनला एकवीस हजारांच्या आत लागतं." मावशींनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मेथीची जुडी केवढ्याला म्हणून विचारावं इतक्या सरळपणे म्हणाल्या, "मग कुठलं घर सोडू?"

मागे रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. पोरगाही हसला, पण वाईट नव्हता तो. "घर नका सोडू आज्जी, तुम्ही फक्त सही करा," म्हणाला आणि चौकटीत वीस हजार टाकले. पुढे स्वयंघोषणापत्र आलं. वरील सर्व माहिती माझ्या माहितीनुसार व समजुतीनुसार खरी आहे, खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन, वगैरे. मावशींना सही येते. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली आहे, पाच अक्षरं, शेवटचं दरवेळी रेघेखाली घसरतं. त्यांनी जीभ दातात धरून ती पाच अक्षरं काढली. टाईप त्यानं केलं, गप्प मी बसले आणि सही मावशींची झाली.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं म्हणणार नाही. चांगली लागली. दुसऱ्या दिवशी मावशी मोरीत भांडी घासत होत्या तेव्हा, नळाच्या आवाजात, तो प्रश्न पुन्हा ऐकू यायला लागला. कुठलं घर सोडू? मी दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते, त्यामुळे हिशोब नको म्हटला तरी होतो. १,८०० गुणिले १२ म्हणजे २१,६००. डॉक्टर आणि बँकवाले राहू देत बाजूला, नुसतं आमचं एक घर धरलं तरी मावशी ६०० रुपयांनी श्रीमंत ठरत होत्या. गेल्या दिवाळीपर्यंत मी त्यांना १,७०० देत होते, म्हणजे वर्षाचे २०,४००. तेव्हा एकट्या आमच्या घरावर त्या सरकारदरबारी रीतसर निराधार राहिल्या असत्या. मी शंभर रुपये वाढवले, वर एक साडी दिली आणि आपल्या हातून काहीतरी बरं घडलं म्हणून दोन दिवस खुशीत होते.

हे सगळं सुरू झालं ते मावशींच्या वयामुळे. म्हणजे आधार कार्डावरच्या वयामुळे. मावशी नक्की कधी जन्मल्या ते त्यांच्या आईलाही सांगता आलं नसतं, पण आधारवर १ जानेवारी १९६० आहे. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ज्या पोराची जन्मतारीख घरच्यांना आठवत नसे त्याला ते दाखल करताना १ जून देऊन टाकत, त्यामुळे आमच्याकडची निम्मी पिढी १ जूनची. मावशी शाळेतच गेल्या नाहीत, म्हणून त्यांना जानेवारी मिळाला. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण सुरू झाली, तेव्हा त्या जेमतेम बसत होत्या. २१ ते ६५ वय, घरात चारचाकी नको आणि उत्पन्न अडीच लाखांच्या आत. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या बाईला तर उत्पन्नाचा दाखलाही नको होता. मावशींचं कार्ड केशरी. दर महिन्याला मेसेज आला की साधा बटणांचा मोबाइल माझ्या नाकासमोर धरून, "पैसं आलं का बगा वो," असं व्हायचं. त्या पैशांतून त्यांनी चष्मा केला, नातीला दप्तर घेतलं आणि एकदा, माझा अंदाज आहे, लपून आइस्क्रीम खाल्लं, कारण कप आमच्याच कचऱ्याच्या डब्यात सापडला.

मग नव्या वर्षात पैसे यायचे थांबले. मावशींना वाटलं, सरकारचे पैसे संपले असतील. दोन-तीन महिने त्या तशाच थांबल्या. मी आधार पाहिलं आणि उलगडा झाला. पासष्ट पूर्ण. आता पासष्टच्या पुढच्यांसाठी वेगळं दार आहे, श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. तिथेही महिना दीड हजारच. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्री ज्या बाईला अडीच लाखांपर्यंत कमवायची मुभा होती, तिला १ जानेवारीच्या सकाळी २१ हजारांच्या वर कमवायची चोरी झाली. बाई तीच, मोरी तीच, रक्कमही तीच.

आमच्या नवऱ्याला मी हे सांगितलं, तर तो दुकानाच्या वहीतून मान वर न करता म्हणाला, "वय वाढलं की माणूस कमी खातो ना." त्याचे विनोद असेच असतात.

रेशनकार्डाचे तीन रंग आले ते १९९९ साली. त्याआधीचं आमचं कार्ड मला आठवतं, मळकट, दुमडून दुमडून मधोमध फाटलेलं, आईनं मागून सेलोटेप लावलेलं. मग एकदम पिवळं, केशरी, पांढरं असं झालं. वर्षाला १५ हजारांपर्यंत पिवळं, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, पुढे पांढरं. आम्हाला पांढरं मिळालं तेव्हा आईचा चेहरा उतरला होता आणि आजीला मात्र फार अभिमान वाटला होता, जणू कुणी प्रमाणपत्र दिलं. पुढे २०१३ मध्ये अन्नसुरक्षेचा कायदा आला आणि केशरीच्या पोटातच नवी रेघ पडली. शहरात ५९ हजारांच्या आत आणि खेड्यात ४४ हजारांच्या आत असाल तर प्राधान्य कुटुंब, माणशी पाच किलो धान्य. मावशींचे खरे ५४ हजार या दोन आकड्यांच्या बरोबर मध्ये पडतात. त्या ओढ्याच्या अलीकडे, नगरपालिकेच्या हद्दीत राहतात म्हणून धान्याला पात्र. ओढ्याच्या पलीकडे ग्रामपंचायत लागते. तिथे त्यांची बहीण राहते, तीही चार घरची कामं करते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की दोघी दोन काठांवर उभ्या राहून ओरडून बोलतात. मध्ये तीस फूट पाणी आणि १५ हजारांचा फरक.

वडिलांची आठवण इथे येणारच होती. २००२ साली दारिद्र्यरेषेचं सर्वेक्षण झालं, तेव्हा त्यांच्याकडे एका वाडीचं काम होतं. निवृत्तीला काही वर्षं उरलेली, गुडघे कुरकुरणारे, तरी टोपी घालून सकाळी निघायचे. एकूण १३ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, बेरीज ५२. जमीन किती, घर कसलं, संडास आहे का, दोन वेळचं जेवण मिळतं का, कर्ज कशापायी काढलं. आणि त्यातच एक प्रश्न कपड्यांचा. माणशी कपडे किती? दोनच्या खाली असतील तर शून्य, दोन ते चारच्या आत असतील तर एक, असं चढत चढत दहा किंवा जास्त असतील तर चार गुण. जितके गुण कमी तितका माणूस गरीब. वडील घरी येऊन हातपाय धुवायच्या आधी ओट्यावर बसायचे आणि आईला दिवसभराचं सांगायचे. एका म्हातारीला त्यांनी विचारलं, लुगडी किती? ती म्हणाली, एक आंगावर, एक दोरीवर. वडिलांनी दोरीकडे पाहिलं. तिथे खरंच एक वाळत होतं, विटलेलं, खाली पाणी ठिबकत असलेलं. दोन झाली. एक गुण. "त्या दोरीवरच्या लुगड्यानं तिचा एक मार्क वाढवला," वडील म्हणाले. "आयुष्यभर पोरं पास कशी होतील ते बघितलं, आता या वयात माणसं नापास करायला निघालोय." आईनं विचारलं, मग तुम्ही काय लिहिलंत? ते काही बोलले नाहीत. न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ पाणी ओतत राहिले. त्यांनी काय लिहिलं ते मला आजही माहीत नाही. ते फार सरळ होते, म्हणून भीती वाटते की खरंच लिहिलं असेल.

त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं आणि मला कॉलेजात अर्थशास्त्र घेऊनही पुष्कळ उशिरा कळलं, की त्या गुणांना ठरलेली पासिंग नव्हतीच. नियोजन आयोगाच्या १९९९-२००० च्या अंदाजातून राज्यांना गरिबांचा आकडा आधीच ठरवून मिळाला होता. तेवढे भरतील अशा बेतानं गुणांची रेघ वर-खाली करायची. म्हणजे आधी हंडी किती ते ठरवायचं, मग पंगतीला किती बसलेत ते मोजायचं आणि हंडीइतकीच माणसं भुकेली होती असं म्हणायचं. अन्नसुरक्षेचंही तसंच. देशभरात खेड्यांतले ७५ टक्के आणि शहरांतले ५० टक्के लोक, महाराष्ट्राच्या वाट्याला साधारण सात कोटी. हे सात कोटी २०११ च्या जनगणनेवरून काढलेले आहेत आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आकडा तिथेच गोठून बसलाय. याला सरकारी भाषेत इष्टांक म्हणतात. किती गोड शब्द आहे, देवघरात ठेवावा असा. आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणारी एक बाई आहे. तिच्या धाकट्या मुलीचं नाव कार्डावर चढवलं, पण धान्य सुरू होईना. विचारायला गेली तर उत्तर मिळालं, इष्टांक भरलाय. कधी रिकामा होईल? तर म्हणे, कुणाचं नाव कमी झालं की. तिनं मला हे सांगितलं तेव्हा ती माझ्या ब्लाउजची बाही उसवत होती. "म्हणजे ताई, कोणीतरी मरायला पाहिजे," ती म्हणाली आणि दातांनी दोरा तोडला.

किती लोक गरीब आहेत, हा प्रश्न आपल्याकडे पुण्यातच पहिल्यांदा नीट मांडला गेला असं आम्हाला शिकवताना सर फार अभिमानानं सांगायचे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ, गोखले इन्स्टिट्यूट, १९७१. रोज २,२५० कॅलरी पोटात जायच्या तर १९६०-६१ च्या भावानं खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागतात, आणि तेवढेही खेड्यातल्या चाळीस टक्के, शहरातल्या पन्नास टक्के लोकांकडे नाहीत. पुढे समित्या आल्या, रेघा हलल्या. सुरेश तेंडुलकरांच्या पद्धतीनं काढलेली २०११-१२ ची रेघ खेड्यात महिना ८१६ आणि शहरात १,००० रुपये होती, गरीब निघाले २१.९ टक्के. रंगराजन समितीनं रेघ थोडी वर उचलली तर तेच २९.५ टक्के झाले. नऊ-साडेनऊ कोटी माणसं एका अहवालातून दुसऱ्या अहवालात जाताना गरीब झाली. २०११ च्या सप्टेंबरमध्ये शहरात रोज ३२ आणि खेड्यात २६ रुपये असं नियोजन आयोगानं सुप्रीम कोर्टात लिहून दिलं, तेव्हा केवढा गहजब झाला होता ते आठवत असेल. टीव्हीवाले ३२ रुपये घेऊन बाजारात फिरत होते. मीही तेव्हा चिडले होते. आता बसून २१ हजारांना ३६५ नं भागलं आणि पाच माणसांच्या घरात वाटलं. माणशी रोज साडेअकरा रुपये. यावर कुणी टीव्हीवाला बाजारात गेलेला मला आठवत नाही.

म्हणूनच कुणी २१ हजार खरे मानत नाही. अर्ज करणारी नाही, टाईप करणारा नाही. तलाठीही नाही. (आता तलाठी म्हणायचं नाही, ग्राम महसूल अधिकारी.) आमच्या तालुक्यात कुणाचा दाखला १९,३४० चा निघाल्याचं मी पाहिलेलं नाही. अठरा, एकोणीस, वीस. खऱ्या माणसांची मिळकत अशी शून्यात कधी संपत नसते. सगळ्यांना माहीत असलेलं, सगळ्यांच्या सोयीचं हे खोटं आहे आणि त्यावर शिक्का उमटला की ते खरं होतं. माझा पहिला राग त्या २१ हजारांवरच होता. पण मग वाटायला लागलं, की या खोट्यामुळेच तर मावशींसारख्या हजारो बायकांच्या हातात दीड हजार पडतात. खरंच मोजायला बसले तर कोण उरेल? आणि ज्या बाईला ही रीत ठाऊक नाही, जिच्याबरोबर स्टुलावर बसायला कुणी वैनी नाही, जी चोपन्न हजार सांगून उठते आणि घरी जाते, तिचं काय?

मावशींना स्वतःला यात काही विशेष वाटलं नाही, हे मला जास्त लागलं. दोन दिवसांनी चहा पिताना त्या आपणहून बाहत्तरच्या दुष्काळाचं बोलायला लागल्या. त्या तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या असतील. आईबरोबर तलावाच्या कामावर जायच्या. सुकडी मिळायची, गरम, गोडसर, ओंजळीत घेऊन खायची. रेशनला लाल मिलो ज्वारी. "त्याची भाकर चुलीवर फुगतच न्हवती," म्हणाल्या. मी विचारलं, कामावर घ्यायला काय विचारायचे? त्यांना प्रश्नच कळला नाही. पुन्हा विचारलं तर म्हणाल्या, "काय इचारत्यात? पाटी उचलंल त्यो घ्यायचा." वि. स. पागेंनी रोजगार हमीची कल्पना मांडली आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला, तो याच तत्त्वावर. मागेल त्याला काम, दाखला कसला म्हणून नाही. भर उन्हात खडी फोडायला येतोय म्हणजे त्याला गरज आहे, हाच पुरावा. बागाईतदार काही हौसेनं घमेलं उचलायला येणार नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटायचं, परीक्षेत मी यावर पानभर लिहिलं होतं. पण मावशी त्या दिवशी सहज उजव्या हाताचं मधलं बोट दाखवून म्हणाल्या, ह्ये तवाच ठेचलं, आईच्या हातोडीखाली. बोटाचं नख उभं चिरलेलं आहे. चौदा वर्षं मी ते बोट पाहतेय, कधी विचारलं नव्हतं. दाखला द्यावा लागला नाही, पण बोट द्यावं लागलं. आता तेच हात घासून घासून असे झालेत की रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा तीन-तीनदा उठत नाही.

सगळ्यात बरं एसटीत वाटतं. तिथे सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट. गेल्या महिन्यात जत्रेला आम्ही दोघी एकाच गाडीनं गेलो. कंडक्टरनं दोघींना सारखंच तिकीट फाडून दिलं, काही विचारलं नाही. सोन्याची चेन घातलेली एक बाई पुढच्या बाकावर होती, तिलाही तेच. माझ्या शेजारचे एक काका पुटपुटले, ज्यांना गरज नाही त्यांना कशाला? आधी मलाही तसंच वाटायचं. पण ज्या दिवशी सव्वा तास स्टुलावर बसावं लागतं, त्या दिवसानंतर 'ज्यांना गरज आहे त्यांनाच' हे शब्द ऐकले की पुढचा प्रश्न आपोआप मनात येतो. ठरवणार कोण आणि रांगेत किती वेळ?

आणि मग ती गोष्ट, जी मला सांगायची नव्हती.

दोन वर्षांपूर्वी मी त्याच गाळ्यात, बहुधा त्याच स्टुलावर बसले होते. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी. आम्ही खुल्या प्रवर्गातले. २०१९ च्या घटनादुरुस्तीनं आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी दहा टक्के आरक्षण आलं. अट आठ लाखांच्या आत, जमीन पाच एकरांच्या आत, फ्लॅट हजार चौरस फुटांपेक्षा लहान. पोरानं तेव्हाही विचारलं होतं, "काकू, किती टाकू?" दुकानाचं रिटर्न होतंच, तो आकडा दिला. माझ्या शिकवण्या? त्या रोख असतात, दोन बॅचेस, कुठे लिहिलेल्या नाहीत. मी त्या सांगितल्या नाहीत. त्यानं विचारल्याही नाहीत. धरल्या असत्या तर आठच्या वर गेलं असतं का? खरं सांगते, मी ती बेरीज आजवर केलेली नाही. गणित शिकवणारी बाई, जिला नको म्हटलं तरी हिशोब होतात, तिनं ही एक बेरीज केलेली नाही. प्रमाणपत्र मिळालं, मुलगा पुण्याला गेला, आम्ही पेढे वाटले. मावशींनाही दिले. आठ लाखांना बारानं भागलं तर महिना साडेसहासष्ट हजारांच्या वर जातं. तेवढं मिळवणारं घर दुर्बल. आणि महिना १,७५० च्या वर गेलेली बाई निराधार नाही. त्या दिवशी त्या गाळ्यातून बाहेर पडताना माझ्या पोटात काहीही कालवलं नव्हतं. छत्री उघडली, कोपऱ्यावर उसाचा रस प्यायले, घरी आले. खोटं त्याच जातीचं, चौकटही तीच. मावशींच्या वेळी मात्र मला एकदम न्याय-अन्याय आठवला, कारण त्यांनी सोडायला घर मागितलं. मला कुणी विचारलं असतं, वहिनी, कुठली बॅच सोडता, तर?

जुलैत पेपरात आलं की लाडक्या बहिणींमध्ये २६ लाखांवर अपात्र निघाल्या आणि त्यांत चौदा हजारांवर पुरुष होते. आमच्या शिकवणीच्या आयांमध्ये तो विषय आठवडाभर पुरला. पुरुषांवर हसून झालं, मग चारचाकीवाल्यांवर चिडून झालं. ज्यांच्या दारात गाडी उभी आहे अशा दोघी त्या घोळक्यात होत्या, त्या थोड्या जास्तच जोरात चिडल्या. मी मध्येच चहा आणायला उठले.

दाखला तीन आठवड्यांनी आला. मी प्रिंट काढून आणली, प्लॅस्टिकच्या कव्हरात घातली आणि दुपारी मावशी आल्यावर त्यांच्या हातात दिली. श्रावणबाळचा अर्ज पुढे जायचाय अजून, समितीची बैठक कधी होईल ते कुणाला माहीत नाही. मावशींनी ओले हात पदराला पुसले, कव्हर दोन्ही बाजूंनी पाहिलं, राजमुद्रेवरून अंगठा फिरवला. "वाचा की, किती टाकलंय." मी वाचलं, वार्षिक उत्पन्न अक्षरी रुपये वीस हजार फक्त. मावशी जराशा थांबल्या. तीन घरांचं त्या बोटांवर करतात, आधी मधलं बोट, मग बाजूची. बारानं गुणणं त्यांना जमत नाही, पण चोपन्न हजार त्यांच्या लक्षात राहिले होते.

"म्हंजी तिन्ही घरं धरली न्हाईत."

"नाही."

"मग कुठलं धरलंय?"

मी सांगितलं, तसं बघायला गेलं तर एकाच घरात बसतंय, साधारण आमच्याएवढं. मावशींनी कव्हर फ्रीजवर, मिठाच्या बरणीखाली नीट ठेवलं. मग मोरीकडे वळल्या आणि हसू आवरत म्हणाल्या, "बगा, आन् डाक्टरीणबाईंनी सकाळीच कुकर करपवून ठिवलाय. त्यो कोन घासनार?" आणि नळ सोडला.